अडीचशेव्या वर्षाची ट्रिव्हिया नाइट: कामाच्या नोंदी

८ मार्च, रविवार

लायब्ररीच्या मीटिंगमध्ये हात वर केला आणि काम गळ्यात पडलं. येत्या ४ जुलैला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतायत. आजूबाजूच्या टाउनशिपांत परेड, फटाके, बँड असं काय काय ठरतंय. आमच्या लायब्ररीकडे ना पैसा ना मैदान, म्हणून अमेरिकी इतिहास आणि संस्कृतीवर ट्रिव्हिया नाइट. प्रश्न कोण काढणार म्हटल्यावर सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी काढते.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तू? अमेरिकेचा इतिहास?" त्याला आठवण करून दिली की नागरिकत्वाच्या मुलाखतीत माझी पहिली सहा उत्तरं सलग बरोबर आली होती आणि बाईंनी पुढचं विचारलंच नाही. तेव्हा १०० प्रश्नांची यादी, त्यातले १० विचारायचे, ६ आले की झालं. (आता यादी १२८ची झालीय, २० पर्यंत विचारतात आणि १२ यावे लागतात.) नवरा आठव्या प्रश्नापर्यंत गेला होता. गप्प बसला.

ठरलं ते असं: शुक्रवार २६ जून, संध्याकाळी ७ ते ९. अकरा टेबलं, टेबलामागे जास्तीत जास्त सहा माणसं. पाच फेऱ्या, फेरीत दहा प्रश्न. फोन टेबलावरच्या टोपलीत. दारू नाही. बजेट २०० डॉलर. सोबतीला लायब्ररीतल्या कार्यक्रमांचं बघणाऱ्या बाई, आणि आमच्या गल्लीत राहणारे हायस्कूलचे निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांना सगळे नुसत्या नावानं हाक मारतात, मीही मारते, पण मनातल्या मनात ते मास्तरच आहेत. इथेही मास्तर.

२१ मार्च, शनिवार

माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. त्यामुळे प्रश्न गोळा करण्याआधी तक्ता केला: प्रश्न, उत्तर, चालतील अशी इतर उत्तरं, आधार, आणि शेवटचा रकाना "दुसरं उत्तर निघू शकतं का?" सगळा वेळ या शेवटच्या रकान्यानं खाल्ला.

उदाहरण. प्रश्नांच्या तयार यादीत होतं: "सलग नसलेल्या दोन कारकिर्दी करणारा एकमेव राष्ट्राध्यक्ष कोण?" उत्तर ग्रोव्हर क्लीव्हलंड. आमच्याच न्यू जर्सीत, कॉल्डवेलला जन्मलेला, त्यामुळे प्रश्न फार गोड वाटला. पण जानेवारी २०२५ पासून हा प्रश्नच चुकीचा आहे. 'एकमेव' गेला. मग तो उलटा फिरवला: ट्रम्प सत्तेचाळिसावे राष्ट्राध्यक्ष, तर आजवर एकूण माणसं किती झाली? पंचेचाळीस, कारण दोघांची गणती दोनदा होते. हा ठेवला. याच्यावर टेबलाटेबलावर बोटं मोजली जातील.

दुसरं उदाहरण. "अमेरिकेची पहिली राजधानी कोणती?" फिलाडेल्फिया म्हणाल तर संविधानानुसारचं पहिलं सरकार न्यूयॉर्कला बसलं. शिवाय १७८३ साली काँग्रेस प्रिन्स्टनच्या नॅसॉ हॉलमध्ये भरत होती आणि १७८४ च्या शेवटी ट्रेंटनला. न्यू जर्सीच्या खोलीत हा प्रश्न टाकणं म्हणजे सासरच्या मंडळींत पुरणपोळी की गूळपोळी हे विचारण्यासारखं. काढला.

आज ११२ प्रश्नांतून ४३ उरले.

४ एप्रिल, शनिवार

मास्तरांच्या गॅरेजमध्ये तीन तास. गॅरेजमध्ये गाडी नाही, खोके आहेत.

मी खुशीत यादी वाचायला लागले. चौथ्याच प्रश्नाला त्यांनी हात वर केला. "पहिला झेंडा कोणी शिवला?" बेट्सी रॉस. हे इथे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. मास्तर म्हणाले, बाई खरी होती, फिलाडेल्फियात गाद्या-पडद्यांचं काम करायची, १७७७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नौदलासाठी झेंडे केल्याचे पैसे तिला मिळाल्याची नोंदही आहे. पण वॉशिंग्टन स्वतः दुकानात आले आणि तिनं कात्रीच्या एका कापात पाच टोकांचा तारा करून दाखवला, ही गोष्ट चारचौघांत पहिल्यांदा सांगितली तिच्या नातवानं, १८७० मध्ये. जवळजवळ शंभर वर्षांनी. त्या काळचा कागद एकही नाही.

मग त्यांनी खोक्यातून दुसरं माणूस काढलं. फ्रान्सिस हॉपकिन्सन: बॉर्डेनटाउनचा, न्यू जर्सीतर्फे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या पाचांतला एक. त्यानं १७८० मध्ये काँग्रेसला लिहिलं की झेंड्याचं आणि इतर काही चिन्हांचं डिझाइन मी केलंय, तर मोबदला म्हणून सरकारी वाइनचं एक छोटं पिंप द्यावं. काँग्रेसनं दिलं नाही. सल्ला इतरांचाही घेतला होता, आणि तू आधीच सरकारी पगारावर आहेस, असं म्हणून बोळवण केली. म्हणजे ज्याचा कागद आहे त्याचं नाव कोणाला माहीत नाही, आणि जिचं नाव सगळ्यांना माहीत आहे तिचा कागद नाही.

प्रश्न असा झाला: "झेंड्याच्या डिझाइनबद्दल काँग्रेसकडे वाइन मागणारा न्यू जर्सीचा सही करणारा कोण?" चार पर्याय द्यायचे, नाहीतर कोणालाच येणार नाही. मास्तरांचा नियम लिहून ठेवते: उत्तर निदान दोन टेबलांना आलं पाहिजे आणि चुकलेल्यांना ते घरी जाऊन सांगावंसं वाटलं पाहिजे.

फिलाडेल्फियातली प्रसिद्ध घंटा, लिबर्टी बेल, हीही अशीच उडाली. ४ जुलै १७७६ ला ती घणाणली ही गोष्टच आहे. त्या दिवशी जाहीर वाचनच नव्हतं. ते झालं ८ जुलैला, फिलाडेल्फियात, आणि त्याच दिवशी आमच्या ट्रेंटनमध्येही. घंटेचं वजन मात्र पक्कं आहे, २,०८० पौंड. टायब्रेकरला ठेवलं: सगळ्यात जवळचा आकडा जिंकेल.

१२ एप्रिल, रविवार

फुटकळ कामं. फिफ्टी-फिफ्टी रॅफल (तिकिटांचे अर्धे पैसे जिंकणाऱ्याला) बाद: न्यू जर्सीत त्याला रीतसर परवाना लागतो, शंभर डॉलरच्या रॅफलसाठी कोण अर्ज करणार. गाण्यांच्या फेरीचा प्रश्न सुटला. नव्या गाण्यांच्या हक्कांची कटकट नको म्हणून मरीन बँडची ध्वनिमुद्रणं घेतली. सरकारी बँड, त्यामुळे वाजवायला मोकळी. सूसाची मार्च वाजली की नवरा स्वयंपाकघरात कवायत करतो.

'माय कंट्री, टिस ऑफ दी' या इथल्या देशभक्तीच्या गाण्याची नुसती चाल वाजवायची आणि विचारायचं, हीच चाल दुसऱ्या कोणत्या देशाच्या राष्ट्रगीताची? ब्रिटन. ज्यांच्याशी भांडले त्यांचीच चाल. 'स्टार-स्पँगल्ड बॅनर' या इथल्या राष्ट्रगीताची चालही लंडनच्या एका गायन-क्लबाची. म्हणजे दोन्हीकडे शब्द आपले, चाल साहेबाची. आपल्याकडे नाट्यपदांत हे रोजचं होतं, त्यामुळे मला काही धक्का बसला नाही. मास्तरांना नाट्यसंगीत समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. वाया नाही गेला.

२६ एप्रिल, रविवार

फॅमिली ग्रुपवर मी हे काम करतेय कळल्यापासून पुण्याहून काकांचे रोज दोन फॉरवर्ड. आजचा: "अभिमानाची गोष्ट! अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या जहाजावर लिहिलं गेलं!!" खाली पाच तिरंगे.

वाचून मीसुद्धा दोन मिनिटं हुरळले. असा प्रश्न मिळाला तर मी आणि माझं माहेर दोघंही त्या रात्री स्टेजवर. जहाज खरं आहे: 'मिंडेन', वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेलं, १८१० मध्ये पाण्यात सोडलेलं. पुढचं जमत नाही. राष्ट्रगीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की हा सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरला गेला तो डॉक्टर बीन्स यांना ब्रिटिशांकडून सोडवायला. सुटका मंजूर झाली, पण हल्ला होईपर्यंत परत जाऊ देईनात. फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर २५ तास तोफा चालल्या तेव्हा तो होता स्वतःच्या अमेरिकी तहाच्या जहाजावर, ब्रिटिश आरमाराच्या पहाऱ्यात. सकाळी झेंडा दिसला तो तिथून.

काकांना लिहिलं. उत्तर आलं: "तू तिकडची झालीस." मग वीस मिनिटांनी दुसरं: "पण जहाज मुंबईचं होतं ना?" होतं, काका. त्यात वाद नाही.

दुःख हलकं करायला कॉर्नवॉलिस सापडला. हा मात्र शंभर नंबरी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला त्याची शरणागती. स्वतः आजारी आहे सांगून आला नाही, तलवार द्यायला हाताखालच्या ओहाराला धाडलं. इथल्या पुस्तकांत त्याची गोष्ट इथेच संपते. आपल्या पुस्तकांत ती इथे सुरू होते: १७८६ ला गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला, १७९२ ला टिपूवर श्रीरंगपट्टणला, सोबत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. १८०५ मध्ये मेला आणि पुरला गाझीपूरला. प्रश्न: "यॉर्कटाउनला हरलेल्या सेनापतीची कबर आज कोणत्या देशात आहे?" मास्तरांना फोन करून विचारलं. त्यांनी तीस वर्षं यॉर्कटाउन शिकवलंय. म्हणाले, इंग्लंड. मला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर चहा टाकला.

चहावरून बोस्टन. १६ डिसेंबर १७७३, चहाच्या ३४२ पेट्या बंदरात फेकल्या, माल ईस्ट इंडिया कंपनीचा. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की तो चहा आसामचा. चिनी होता. आसामात तेव्हा मळेच नव्हते. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला होता, आणि दोन वर्षांत त्याच कंपनीशी आपलं पहिलं युद्ध जुंपलं. हे प्रश्नात बसत नाही. मला सांगायचं होतं म्हणून इथे लिहिलं.

९ मे, शनिवार

संस्कृतीची फेरी पक्की. बेसबॉल (होबोकेनचं एलिशियन फील्ड्स, १९ जून १८४६), मोनोपॉलीतल्या गल्ल्या कोणत्या गावच्या (अटलांटिक सिटी), पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर (कॅमडेनजवळ, १९३३). न्यू जर्सी जरा जास्त होतंय, पण श्रोते इथलेच आहेत, त्यांना त्यांच्या अंगणातलं ऐकू दे.

महाराष्ट्राचे किती प्रश्न घालायचे यावर स्वतःशीच भांडण. ठरवलं: दोनच, आणि दोन्ही अमेरिकेबद्दलचेच हवेत.

एक जोतीरावांचा. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. आधी प्रश्न लिहिला, "पुण्याच्या या सुधारकानं पुस्तक कोणत्या देशाच्या लोकांना अर्पण केलं?" लेक म्हणाली, "आई, अमेरिकेच्या क्विझमध्ये हे विचारल्यावर कोण बेल्जियम लिहील?" बरोबर. बदलला: "... अमेरिकेच्या लोकांना अर्पण केलं, ते त्यांच्या कोणत्या कामगिरीबद्दल?" गुलामगिरी संपवल्याबद्दल. आता विचार करावा लागतो.

दुसरा आनंदीबाई जोशींचा, पण मागच्या दारानं. रोझेल हे आमच्यापासून फार लांब नाही. जानेवारी १८८३ मध्ये तिथे एडिसनच्या कंपनीनं खांबांवरून तारा ओढून अख्ख्या गावाला वीज दिली. जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या त्या याच गावात. कल्याणहून निघून कलकत्ता, आणि तिथून बोटीनं जी आली, तिनं संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे बघून काय म्हटलं असेल? प्रश्न फक्त विजेचा. आनंदीबाई उत्तरानंतर दोन वाक्यांत: १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, रक्षा न्यूयॉर्क राज्यात पुकीप्सीला, कार्पेंटरांच्या दफनभूमीत. दोनच वाक्यं. मी तिसरं बोलायला लागले तर लेक खोकणार आहे.

२३ मे, शनिवार

फ्लायरचा घोटाळा. एका तयार टेम्प्लेटवरून सुंदर फ्लायर केला, ६० प्रती छापून आणल्या. लेक फ्रिजवर लावता लावता थांबली आणि बोटानं मोजायला लागली. सहा लाल, सहा पांढरे. बारा. झेंड्याला तेरा पट्टे, सात लाल आणि सहा पांढरे. वरचाही लाल, खालचाही लाल. टेम्प्लेट करणाऱ्याची चूक असेल, पण टेस्टर मी आहे. नोकरीत दुसऱ्यांचे बग शोधते आणि इथे देशाचा एक पट्टाच गहाळ.

पुन्हा छापले, २२ डॉलर माझ्या खिशातून. जुन्या प्रतींच्या पाठकोऱ्या बाजू उत्तरपत्रिकेच्या सरावाला.

६ जून, शनिवार

घरी रंगीत तालीम. आठ माणसं, दोन टेबलं. पाच फेऱ्यांना दोन तास पन्नास मिनिटं लागली. सगळे पेंगले. एक फेरी कापली, आता चाळीस प्रश्न. प्रश्न दोनदा वाचायचा, मध्ये दहा सेकंद, उत्तरं फेरी संपल्यावर एकदम.

न्यू जर्सीच्या बायकांच्या मताचा प्रश्न भाव खाऊन गेला. १७७६ च्या इथल्या राज्यघटनेत मतदार म्हणजे ५० पौंडांची मालमत्ता असलेले "सर्व रहिवासी". पुरुष असं लिहिलंच नव्हतं. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता नसायची, पण विधवा आणि बिनलग्नाच्या बायका मत देत होत्या, आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयही. १८०७ मध्ये कायदा करून दोघांचंही काढून घेतलं. टेबलावरची एक मैत्रीण, जन्मापासून इथली, म्हणाली, "हे मला शाळेत का नाही सांगितलं?"

माझी अडचण वेगळीच निघाली. "आई, तुझे व्ही आणि डब्ल्यू एकच आहेत." आमच्या व ला दोन्ही कामं येतात, इंग्रजीला दोन माणसं लागतात. 'व्हॅली फोर्ज', 'डेलावेअर', 'वॉशिंग्टन', 'रेव्होल्युशन' या चौघांनी एका प्रश्नात मला चीत केलं. रात्री आरशासमोर खालच्या ओठावर दात ठेवून सराव. सासूबाई दारातून बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

१९ जून, शुक्रवार

जूनटीन्थची सुट्टी, लायब्ररी बंद. १८६५ मध्ये आजच्या दिवशी गॅल्व्हेस्टनला टेक्ससच्या गुलामांना मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला गेला; लिंकनची घोषणा १ जानेवारी १८६३ ची. अडीच वर्षं.

गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसचा प्रश्न यादीत होता, त्यावर समितीतल्या एकांचा मेल आला: देशभक्तीच्या कार्यक्रमात हे कशाला? ५ जुलै १८५२, रॉचेस्टर, गुलामाला तुमच्या चार जुलैचं काय, असं विचारणारं भाषण. मी मेल मास्तरांना पाठवला. त्यांनी उत्तरात एवढंच लिहिलं की त्याच भाषणात डग्लस सही करणाऱ्यांना शूर म्हणतो, थोर म्हणतो, आणि मग विचारतो, पूर्ण वाचा. प्रश्न राहिला. समितीतले गृहस्थ भले आहेत, "वाचलं नव्हतं" असं लिहून त्यांनी विषय संपवला.

२५ जून, गुरुवार

खाण्याची व्यवस्था. घरचं चालेल, पण घटक लिहिलेलं कार्ड हवं आणि शेंगदाणा नको. सासूबाईंनी कार्ड वाचलं. "शेंगदाण्याशिवाय चिवडा?" मग डाळं दुप्पट घातलं, कढीपत्ता जास्त, आणि दर पाच मिनिटांनी "मी जबाबदार नाही" असं जाहीर केलं. परातभर पातळ पोह्यांचा चिवडा झाला. बाकी पॉपकॉर्न आणि दुकानातले ॲपल पाय.

मी झेंड्याच्या चित्राचे २०० पेपर नॅपकिन आणले होते. सासूबाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "यानं तोंड पुसायचं? आणि मग कचऱ्यात?" मी म्हटलं, आई, इथे सगळे वापरतात. त्या म्हणाल्या, "वापरत असतील." रात्री फ्लॅग कोड काढून बघितला. त्यात स्पष्ट आहे: झेंडा पेपर नॅपकिनवर किंवा वापरून टाकायच्या वस्तूंवर छापू नये. शिक्षा वगैरे काही नाही, फक्त संकेत. पाकीट अर्धं उघडलेलं, दुकान परत घेणार नाही. पांढरे साधे आणले. ६ डॉलर.

लेकीनं पुठ्ठ्याचा तारा कापून ठेवलाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फूट. उद्या लागेल.

२६ जून, शुक्रवार, रात्री ११:४०

झोप येत नाही, लिहून टाकते.

५८ माणसं आली. सहाला पोचलो तर मुलांनी मोठा झेंडा भिंतीवर उभा टांगलेला, निळा चौकोन उजवीकडे. टोपी घातलेले एक माजी मरीन आजोबा लवकर येऊन बसले होते. ते उठले, शिडी मागितली, आणि शांतपणे उलटा करून टांगला. उभा टांगला तरी तारे बघणाऱ्याच्या डावीकडेच. कोणाला काही सुनावलं नाही. खाली आल्यावर चिवड्याच्या वाडग्याकडे बोट करून विचारलं, तिखट आहे का? तीनदा घेतला.

पहिली फेरी झकास. 'व्हॅली फोर्ज' नीट म्हटलं, लेकीनं मागून अंगठा दाखवला. त्या आनंदात 'वॉशिंग्टन'चा व्ही झाला.

पट्ट्यांचा प्रश्न: "फ्रान्सिस स्कॉट कीला दिसलेल्या झेंड्यावर पट्टे किती?" बहुतेकांनी १३ लिहिलं. पंधरा. व्हरमाँट आणि केंटकी आल्यावर तारेही वाढवले आणि पट्टेही. १८१८ मध्ये लक्षात आलं की असं करत गेलो तर झेंडा पायजम्यासारखा होईल, म्हणून पट्टे परत तेरा. मेरी पिकर्सगिलनं बाल्टिमोरला शिवलेला तो किल्ल्याचा झेंडा ३० फूट बाय ४२ फूट. आकडा ऐकून कोणी हललं नाही. मग लेकीनं पुठ्ठ्याचा तारा डोक्यावर धरला आणि मी सांगितलं, हा त्यातला एक तारा. खोलीत "ओह" असा आवाज फिरला. पुठ्ठा आणि कात्री, खर्च शून्य.

न्यूयॉर्कच्या बंदरातलं, पूर्वी परदेशातून येणारे उतरायचे ते एलिस आयलंड कोणाचं, यावर जल्लोष: १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं भराव घातलेला बहुतेक भाग न्यू जर्सीला दिला. जन्मानं ब्रुकलिनच्या एका काकांनी उत्तरपत्रिकेवर "निषेध" लिहिलं. कॉर्नवॉलिसची कबर दोनच टेबलांना आली, त्यातलं एक आमच्या मराठी मंडळाचं, तेव्हा ते मोजायचं की नाही देव जाणे. हॉपकिन्सनच्या वाइनला सगळ्यात मोठा हशा.

आणि तिसऱ्या फेरीत ठिणगी पडली. प्रश्न मी शब्द तोलून लिहिला होता: "काँग्रेसनं स्वातंत्र्याच्या ठरावाच्या बाजूनं मतदान कोणत्या तारखेला केलं?" २ जुलै. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर, आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टच्या. नऊ टेबलांनी ४ लिहिलं. कुरकुर होणार हे माहीत होतं, त्यासाठी सही करणाऱ्यांपैकी जॉन ॲडम्सचं पत्र तयार ठेवलं होतं: ३ जुलैला बायकोला लिहितो की २ जुलै हाच अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात संस्मरणीय दिवस ठरेल, पुढच्या पिढ्या तोच साजरा करतील, परेड आणि रोषणाईसकट. सगळं बरोबर सांगितलं, तारीख सोडून. लोक हसले, शांत झाले.

एक टेबल सोडून. लायब्ररीत नागरिकत्वाचा वर्ग चालतो, त्यातल्या पाच जणी आल्या होत्या. त्यांतली एक उठून उभी राहिली, हातात वर्गाची पुस्तिका. "मॅडम, इथे ४ जुलै आहे." आवाज थरथरत होता. मी म्हटलं, पुस्तिकाही बरोबर आहे, तिथे 'जाहीरनामा कधी स्वीकारला' असं विचारलंय, मी मतदानाचं विचारलं. तिनं मान हलवली पण बसताना चेहरा उतरलेला. मध्यंतरात तिच्याजवळ गेले. तिची मुलाखत येत्या बुधवारी. दोन महिने रात्रपाळीनंतर पाठांतर केलेलं, आणि मी माइकवरून ५८ माणसांसमोर तिच्या उत्तराला चूक म्हटलं. तिथे पायऱ्यांवर बसून तिच्याशी सगळी उजळणी केली. सांगितलं, तिथे विचारलं तर ४ जुलैच सांगायचं, माझी २ जुलै इथेच विसरून जा. "पण मग खरं कोणतं?" असं तिनं विचारलं. दोन्ही, म्हटलं. ते उत्तर तिला आवडलं नाही. मुलाखतीच्या आठवड्यात मलाही आवडलं नसतं.

चौथ्या फेरीअखेर दोन टेबलं बरोबरीत, ३३-३३: निवृत्त शिक्षिकांचं आणि टाउनशिपच्या रस्ते विभागाचं, म्हणजे आमचा बर्फ काढणारी माणसं. टायब्रेकर: लिबर्टी बेल किती पौंड? शिक्षिकांनी ९००. रस्तेवाल्यांनी आपापसात हातानं आकार केला, एकानं ब्राँझच्या व्हॉल्व्हचा हिशेब मांडला, आणि लिहिलं २,२००. जिंकले. बक्षिसाचा ॲपल पाय तिथेच कापून सगळ्या खोलीत वाटला.

मास्तर निघताना म्हणाले, गाझीपूर. बस, एवढंच, मान हलवत गेले.

२८ जून, रविवार

हिशेब: २०० पैकी १८१ खर्च, फ्लायरचे २२ मी धरले नाहीत. तक्त्यात दुरुस्त्या: आनंदीबाईंची वाक्यं चार झाली (लेक खोकली, मी ऐकलं नाही). २ जुलैचा प्रश्न पुन्हा वापरायचा तर शब्द असे: "४ जुलैला जाहीरनामा स्वीकारला. त्याआधी मतदान कधी झालं?" म्हणजे पाठ केलेलं उत्तर प्रश्नातच मान्य होतं आणि कोणाची पुस्तिका खोटी पडत नाही. हे मला मार्चमध्ये सुचायला हवं होतं. शेवटच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना: "हे उत्तर कोणी दुसऱ्या कामासाठी पाठ केलंय का?"

लायब्ररीच्या बाईंना नोव्हेंबरात दुसरी हवीय, थँक्सगिव्हिंगवर. अजून हात वर केलेला नाही.

२ जुलै, गुरुवार

लायब्ररीत पुठ्ठ्याचा तारा आणायला गेले तर ती दारातच भेटली. पास. बारा बरोबर आले आणि साहेबांनी थांबवलं. तारखेचा प्रश्न आलाच नाही.

"झेंड्याला तेरा पट्टे का, ते विचारलं," म्हणाली.

"पंधरा नाही ना सांगितलंस?"

"तोंडावर आलं होतं," म्हणाली, आणि तारा हातात घेऊन माझ्या गाडीपर्यंत आली.